अस्तराचा हात

“उस्ता, मोटार घासतोयस की नवरीचा पलंग?”

गल्लीच्या तोंडाशी शलबी उभा होता. गाड्यांचे पोचे काढण्यात त्याचा जन्म गेलेला, आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय त्याला सकाळचा चहा गोड लागत नसे.

“पलंग असता तर तुला अंगणात पाऊल टाकू दिलं असतं का?” बदीर म्हणाला, आणि पाण्यात बुडवलेला पॉलिश पेपर दाराच्या पत्र्यावरून फिरवत राहिला.

इजिप्तमधल्या दुमयातमध्ये निम्मं गाव लाकडावर जगतं. बदीरनंही हयातभर पलंगांना आणि कपाटांना पॉलिश केलं, म्हणून सगळे त्याला उस्ता, म्हणजे कारागीर, म्हणत. लाकूड घासून उघडं केलं की त्याला निवू द्यायचं, त्याचे तंतू उभे राहू द्यायचे, मग पुन्हा घासायचं. घाई केली की माल रुसतो, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

जुनी फियाट घेतली तेव्हा त्याच्या बायकोला, इन्शिराहला, ती पिस्ता रंगाची हवी होती. मिळाली मळकट पांढरी. “पुढच्या उन्हाळ्यात रंगवू,” बदीर म्हणाला होता. मग मुलींची लग्नं निघाली, घराचं छप्पर गळायला लागलं, आणि तो पुढचा उन्हाळा पुढेच राहिला. आता इन्शिराहला काचबिंदू झाला होता. डॉक्टरनं आडपडदा न ठेवता सांगितलं, काय दाखवायचं ते लवकर दाखवा. घरी येताना ती एवढंच म्हणाली, “आता तरी पिस्ता कर, उस्ता. एकदा डोळे भरून बघते, मग गेले तर गेले.”

दुसऱ्या दिवसापासून त्यानं गाडी अंगणात घेतली आणि जुना रंग पार खरवडून काढला. चकचकीत पत्रा बघून शलबी म्हणाला, “आजच्या आज अस्तर दे, रंगाखालचा पहिला हात. समुद्राची हवा आहे ही, नागड्या पत्र्याला खाते.”

“घाई तुमच्या धंद्यात चालते,” बदीर म्हणाला. “माल निवू दे.”

त्यानं आठवडाभर माल निवू दिला. पत्रा कसला निवतोय? रोजचं दव खाऊन त्याच्यावर गंज चढला, मसुराच्या डाळीच्या रंगाचा. पुन्हा पहिल्यापासून घासणं आलं. घासताना दाराखाली भोकं पडली, ती बुजवून पुट्टी भरली, पुट्टी वाळेपर्यंत थांबला. शलबीनं एका शब्दानंही टोमणा मारला नाही, हे बदीरला जास्त लागलं.

इन्शिराह रोज दारात खुर्ची टाकून बसायची.

“झालं का रे?”

“दारावर अजून लाट आहे.”

“मला नाही दिसत लाट.”

“दिसायची नाही. हाताला लागते ती.”

“मला हाताचं नकोय, उस्ता,” ती म्हणाली. “डोळ्यांचं हवंय.”

तरी दुसऱ्या दिवशी त्याच्या तळव्याला आणखी एक लाट लागलीच. हाताची सवय होती हे खरं, पण मनात भीतीही होती. रंग झाला, तिनं तो बघितला, की मग तिला दाखवण्यासारखं आपल्याकडे काय उरणार, हे त्याला सुचत नव्हतं. म्हणून तो घासत राहिला. आणि तो घासत असताना तिचं खुर्चीवरून उठताना चाचपडणं वाढत गेलं, तेही त्याला दिसत होतं.

अखेर एका सकाळी त्यानं काचांना वर्तमानपत्रं चिकटवली आणि करड्या अस्तराचा हात दिला. अंगणभर थिनरचा वास सुटला. दुपारी अस्तर वाळलं तेव्हा इन्शिराह भिंतीला धरून बाहेर आली आणि बॉनेटसमोर उभी राहिली.

“किती गोड रंग आहे रे,” ती म्हणाली. “अगदी मी म्हटला तस्सा.”

पिस्ता रंगाचा डबा पायरीवर होता. त्याचं झाकणही अजून उघडलेलं नव्हतं.

“आवडला?” बदीरनं विचारलं.

“आवडला तर. जरा धुरकट दिसतोय, पण ते माझे डोळे. चल, रास-अल-बरला जाऊ. नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत. लोकांना बघू दे की.”

“उद्या...” बदीरच्या तोंडून गेलं. आयुष्यभर हा एकच शब्द त्यानं तिला दिला होता. त्यानं मुकाट्यानं काचांवरची वर्तमानपत्रं ओढून काढली आणि तिला हाताला धरून गाडीत बसवलं.

गल्लीच्या तोंडाशी शलबी होताच. इन्शिराहनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “काय शलबीभाई, कसा दिसतोय आमचा पिस्ता?”

शलबीनं करड्या गाडीकडे पाहिलं, मग बदीरकडे. बदीर समोर रस्त्याकडे बघत होता.

“डोळ्यांत भरतोय, वहिनी,” शलबी म्हणाला, आणि गाडीला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभा राहिला.

बदीर गाडी हळूहळू कालव्याच्या रस्त्यानं नेत होता. इन्शिराह खिडकीबाहेर हात काढून दार कुरवाळत होती. अस्तराची करडी पूड तिच्या बोटांना लागली होती आणि तीच बोटं ती मधूनमधून गालाला लावत होती.