हाय की, कार्पेट!

येडबाला 'न्हाई' म्हणायची सवयच नव्हती. कुणी काही मागो, काही विचारो, त्याच्या तोंडून आधी 'हाय की' निघायचं आणि मग तो धावपळीला लागायचा. मेंढरांमागं हिंडण्यात आयुष्य गेलं, पण या सवयीनं त्याला कधी दगा दिला नव्हता.

पाथरीकडच्या मल्हाररावांचा फोन आला तेव्हाही तेच झालं. त्यांच्या योगीराजला येडबाची दैवशाला फोटोत पसंत पडली होती. दैवशाला काही बोलली नव्हती, पण दोन दिवस सारखी गुणगुणत होती, आणि बापाला तेवढं पुरे होतं. आता पाहुण्यांनी येऊन घर बघितलं की सोयरीक ठरणार होती.

"रविवारी येतो," मल्हारराव म्हणाले. "पण आमच्या मंडळीचे गुडघे लय दुखायलेत. कार्पेट हाय का तुमच्याकडं?"

"हाय की!"

फोन ठेवल्यावर त्यानं बायकोला विचारलं, "अगं, कार्पेट म्हंजी काय?"

"गालिचा," कासाबाई म्हणाली. "मंडपवाले आथरत्यात त्यो. कशाला पायजे?"

"इहीणबाईचे गुडघे दुखायलेत. खाली टोचाया नगं."

कासाबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. घरात सतरंजी होती, तिच्या सासऱ्याच्या हातचं काळं घोंगडं होतं. आजवरचे सगळे सोयरे त्यावरच बसून जेवून गेले होते. पण येडबा ऐकतो कसला! जिंतूरहून लालभडक कार्पेट भाड्यानं आलं आणि सारवलेल्या ओसरीत पसरलं. त्यावर पाय द्यायला येडबा स्वतःच धजेना. कडेकडेनं अंग चोरून चालायचा. एक कोकरू तेवढं त्यावर बिनधास्त लोळून आलं.

रविवारी दुपार टळली तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. येडबा वाट बघत गावाबाहेर गेला आणि जागच्या जागी थिजला. शेजारच्या बन्सीधरनं गव्हाला सोडलेलं पाणी फुटून कच्च्या वाटेवर आलं होतं. काळ्या चिखलात पाहुण्यांची गाडी रुतली होती. योगीराज आणि मल्हारराव मागून ढकलत होते, आणि आत विहीणबाई गुडघे धरून बसल्या होत्या.

"कार्पेट हाय म्हणलात ना तुमी?" मल्हाररावांचा आवाज चढला. "आमाला वाटलं गावापर्यंत डांबराचं कार्पेट झालंय, पक्की सडक हाय. न्हाई म्हणला असता तर तुमालाच पाथरीला बोलावलं असतं. सोयरीक व्हायच्या आधीच खोटं?"

खोटारडा म्हणवून घ्यायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. "खोटं न्हाई ओ," तो कसाबसा म्हणाला. "कार्पेट हाय. घरात आथरलंय."

मल्हाररावांनी कपाळावर हात मारला. मग पोराला म्हणाले, "गाडी निघाली की वळव माघारी."

तेवढ्यात गावाकडून दैवशाला येताना दिसली. आरडाओरडा घरापर्यंत पोचला होता. नव्या साडीचा पदर खोचलेला, खांद्यावर लाल गुंडाळी, आणि मागून धापा टाकत कासाबाई.

"अगं, भाड्याचं हाय ते!" येडबा ओरडला.

"धुता येतंय," म्हणत तिनं कार्पेट चाकांखाली सारलं आणि योगीराजकडे वळली. "तुमी आत बसून गाडी चालू करा. आमी ढकलतो."

गाडी गुरगुरली, घसरली आणि कार्पेटावरून उसळी घेऊन कोरड्यात आली, ती गावाच्याच बाजूला. योगीराजनं काही ती वळवली नाही. मल्हाररावांनी चिखलात गेलेल्या त्या लाल चिंधीकडे पाहिलं, येडबाच्या पडलेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना.

"येडबा, कार्पेट होतं बरं का तुमच्याकडं!"

घरी सगळे चिखलाच्या पायांनी काळ्या घोंगड्यावरच बसले. विहीणबाईंनी पाय लांब केले, घोंगड्यावरून हात फिरवला आणि आणखी चहा मागितला. आत दैवशाला पुन्हा गुणगुणायला लागली होती.

"मग लग्नापर्यंत होतीया का तुमची सडक?" मल्हाररावांनी विचारलं.

येडबानं तोंड उघडलं, मिटलं, आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाला, "न्हाई."

"मंग त्या मंडपवाल्याला सांगून ठेवा," मल्हारराव म्हणाले. "वरातीच्या गाडीला तेच कार्पेट लागंल."