बेसिनवरची चिकटपट्टी

जंतुसंसर्ग रोखण्याचं काम बघणाऱ्या सिस्टरला आमच्या दवाखान्यात सगळे साबणबाई म्हणायचे. डॉक्टर असो नाहीतर झाडूवाला, कुणी हात न धुता बाळाजवळ गेलं की ती खरोखर हात धुऊन त्याच्या मागे लागायची. मी प्रयोगशाळेतला माणूस. ती आणेल त्या नमुन्यातून जंतू वाढवून ओळखायचे, हे माझं काम. तिने माझ्या नाकी नऊ आणले होते, पण मला ती आवडायची.

त्या वेळी नवजात बाळांच्या कक्षात एकामागून एक बाळं आजारी पडत होती. दोन गेली. सगळ्यांच्या रक्तात एकच जंतू, औषधांना न जुमानणारा. आता आजारी पडलेलं तिसरं बाळ खुद्द साबणबाईची भाची, सख्ख्या भावाची मुलगी. दिवस भरायच्या आतच जन्मलेली, ओंजळीत मावेल एवढी.

साबणबाईने दाराच्या कड्या तपासल्या, फोन तपासले, डॉक्टरांची पेनंसुद्धा सोडली नाहीत. शेवटी शेजारच्या खोलीतल्या बेसिनच्या भोकात कापसाची काडी घातली. या खोलीत बाळांच्या आया बसून वाटीत दूध काढायच्या. काडीवर तोच जंतू निघाला.

पाणी चांगलं होतं. घाण बेसिनखालच्या सांडपाण्याच्या नळीत होती. उरलेलं दूध, साखरपाणी सिस्टर लोक तिथेच ओतत, म्हणजे जंतूंना आयतं जेवण. आया त्याच बेसिनमध्ये वाट्या विसळायच्या. नळ जोरात सोडला की खालचे शिंतोडे वाटीत, आणि वाटीतलं दूध नाकातल्या नळीने बाळाच्या पोटात.

"तिथे सगळ्यात जास्त वाटी कोण धुतं, माहीत आहे?" साबणबाई मला म्हणाली. "आमची वहिनी. हे तिला कळता कामा नये. पोर वाचेल की नाही सांगता येत नाही, त्यात हे ऐकलं तर ती उभ्या उभ्या मरेल."

मला राग आला. असं झाकून कधी काही थांबलंय का? पण तिचा चेहरा बघून मी गप्प बसलो. तिने सिस्टर लोकांना ओतायची बंदी केली, बेसिन उखडायला सांगितलं, उकळलेल्या वाट्या मागवल्या. आणि तोवर नळाला चिकटपट्टी गुंडाळून वर कागद लावला, 'नळ नादुरुस्त'. आयांना एवढंच कारण पुरे, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नमुने घ्यायला गेलो तर नळ धो धो वाहत होता आणि एक बाई वाटी विसळत होती. बाजूला प्लंबर हात पुसत उभा. एरवी दहा वेळा बोलावलं तरी न फिरकणारा हा गृहस्थ कागद वाचून आपणहून आला होता.

"नळ ठणठणीत आहे, बाई," तो म्हणाला. "पट्टी उगाच लावली होती कुणीतरी."

साबणबाईने नळ बंद केला. कोपऱ्यातल्या खुर्चीत तिची वहिनी बसली होती, हातात नुकत्याच काढलेल्या दुधाची वाटी. साबणबाईने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे बघत तिने सगळं सांगितलं. जंतू कुठे आहे, वाटीत कसा येतो, बाळाच्या पोटात कसा जातो. आवाज जराही कापला नाही. मला मात्र तिथे उभं राहवत नव्हतं.

वाटी विसळणाऱ्या बाईने ती खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला.

"मी तर परत परत धुवायचे, वन्सं," वहिनी म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं ना, स्वच्छता ठेवा म्हणून."

"चूक आमची आहे, वहिनी. बेसिन आमचं, त्यात ओतणारे आम्ही."

वहिनीने ते ऐकलं असेल असं मला वाटत नाही. ती वाटीकडेच बघत होती.

"मग हे?"

"हे आता बाळाला देता येणार नाही."

ती उठली. सवयीने बेसिनपाशी गेली, वाटी कलती केली आणि तशीच थांबली.

"कुठे ओतू?" तिने विचारलं.

काय कुठे टाकायचं हे दिवसभर अख्ख्या दवाखान्याला सांगणारी साबणबाई ती वाटी स्वतःच्या हातात घेऊन उभी राहिली.