झोपेतला चेहरा

बंगलोरच्या शिवाजीनगरात मागच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या उमाकांतला रोज सकाळी चेहरा घालावा लागे, आपण सदरा घालतो तसा. झोप लागली की घेतलेलं रूप सुटायचं आणि त्याच्याखाली त्याचं स्वतःचं जे काही होतं ते वर यायचं. पण डोळे उघडले की तेही पळालेलं असे आणि आरशात दिसे आदल्या दिवशी पाहिलेला कुणीतरी. कधी बसचा कंडक्टर, कधी हॉटेलातला वाढपी. एकदा तर कारखान्याचे मॅनेजरच बनियनवर जांभया देत उभे होते. मग गेटपासावरचा फोटो आरशाला टेकवायचा आणि तासभर खपून त्यातला माणूस तयार करायचा. लांबट नाक, डाव्या गालावर तीळ. दर पाडव्याला दोन-चार पांढरे केस जास्तीचे, कारण पहिली तीन वर्षं हा गृहस्थ म्हातारा व्हायचंच विसरला होता.

लोकांना वाटतं, रूप पालटता आलं तर काय मजा येईल. मजा कसली डोंबलाची! निपाणीच्या आत्यानं त्याला सांभाळलं, पण ज्याला पाहील त्याच्यासारखा दिसणारा पोरगा बघून ती इतकी भ्याली की सातव्या वर्षी त्याला कोल्हापूरच्या बोर्डिंगात टाकलं आणि सुटीतही परत नेलं नाही. तिथं तो तोंडावर पांघरूण ओढून झोपायला शिकला. पुढे बंगलोरला ड्राफ्ट्समनची नोकरी लागली, चांगली स्थळं आली आणि त्यानं प्रत्येकीत काहीतरी खोट काढली. ज्याला बायकोशेजारी झोपता येत नाही त्यानं लग्न करावं कसं? तापानं फणफणला तरी दाराला आतून कडी. कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही, यातच चाळिशी आली.

घरमालकीण चंद्राबाई जुन्या बंगलोरी मराठी शिंप्यांतली, बोलण्यात निम्मं कन्नड. तिचा एकुलता परसू चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशच्या लढाईत बेपत्ता झाला. तार आली, माणूस आला नाही. उमाकांत राहायला आला त्याच आठवड्यात तिनं भाकरी वाढता वाढता विचारलं होतं, काल तुझा तीळ उजवीकडं होता ना रे? होता खरा. आरशात पाहून फोटोची नक्कल केली की सगळं उलट्या बाजूला जातं, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. शाई लागली होती, म्हणून त्यानं वेळ मारून नेली आणि तेव्हापासून नियम केला, ज्या हाताला घड्याळ त्याच गालाला तीळ. चंद्राबाईही पुन्हा बोलली नाही. पाच वर्षं ती त्याला जेवू घालत होती आणि तो तिला अक्का म्हणत होता, एवढंच काय ते त्याचं गोत.

दर नरक चतुर्दशीला पहाटे चंद्राबाई परसूसाठी पाट मांडायची. शेजारी उटणं, वाटीत कोमट तेल. उजाडेपर्यंत बसायची आणि मग तेल दिव्यात ओतायची. एकसष्ट साली तिचे मोतीबिंदू पिकले होते. जानेवारीत ऑपरेशन ठरलं होतं, पण तोवर तिला माणूस म्हणजे नुसती सावली दिसे. उमाकांतला ते बघवेना. भिंतीवरच्या फोटोवरून त्यानं परसू उचलला, वय अडतीसचं केलं आणि पहाटे येऊन मुकाट्यानं पाटावर बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चंद्राबाईचे हात थांबले. मग तिनं टाळूवर तेल घातलं, मान चोळली, पाठ चोळली, कपाळावरून बोटं फिरवली. भुवईपाशी बोटं पुन्हा पुन्हा गेली. उटणं लावून, अंघोळ घालून, अंग पुसून झाल्यावर तिनं पंचा पिळला.

"परसूला खोक डाव्या भुवईला होती," ती म्हणाली. "तू उमाकांत नव्हे? तीळ फिरवणारा?"

पितळ उघडं पडलं होतं. गडबडीत तो घड्याळाचा नियम विसरला होता आणि फोटोतली खोक उजव्या भुवईला आली होती. आता ही ओरडणार, गल्ली गोळा होणार, म्हणून तो उठला. तिनं मनगट धरलं आणि स्वल्प, जरासा बस म्हणाली. मग त्यानं सगळं सांगितलं, आत्यापासून आजपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदाच सांगत होता, त्यामुळे नीट जमलं नाही, रडू मध्ये मध्ये आलं.

"माझ्या लेकाचं तोंड पुन्हा घालू नको," ती म्हणाली. "पण तुझं कसलं आहे रे?"

ठाऊक नाही, तो म्हणाला. कुणीच पाहिलेलं नाही.

"सरी, बरं तर. रविवारी जेवून इथं पड. मी बसते."

त्या रविवारी दुपारी पुढच्या खोलीत, दार उघडं टाकून, पांघरूण न घेता तो झोपला. झोप लागेल असं वाटलं नव्हतं, पण लागली, आणि दोन तास लागली. जागा झाला तेव्हा म्हातारी उशाशीच होती आणि तिचा हात त्याच्या गालावर होता.

"कपाळ रुंद," ती सांगू लागली. "भुवया जुळलेल्या. नाक बसकं. हनुवटीला खळी. देखणा नाहीस. पण माणसासारखा माणूस आहेस. जानेवारीत डोळ्यांनी बघेन."

तो आरशाकडे धावला. आत चंद्राबाईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा चेहरा होता. पण त्याला वाईट वाटलं नाही. जगात एका माणसाला त्याचं तोंड ठाऊक होतं. पुढचे सगळे रविवार तो तिथंच झोपला आणि जानेवारीची वाट पाहू लागला.

डिसेंबरात चंद्राबाईला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. सकाळी उमाकांतनं गेटपास खिशात ठेवला आणि आरसा भिंतीकडे फिरवला. डोळे मिटून, तिच्या शब्दांवरून, बोटांनी चाचपत त्यानं चेहरा केला. रुंद कपाळ, जुळलेल्या भुवया, बसकं नाक, हनुवटीला खळी. मग तो दारातल्या माणसांत जाऊन उभा राहिला. शेजारच्या येसाजीनं विचारलं, कोण आपण?

"मुलगा," उमाकांत म्हणाला.

परसू आला, परसू आला, अशी कुजबुज झाली. येसाजी या गल्लीत नवा, त्यानं परसूला पाहिलं नव्हतं, पण मडकं धरायला मुलगा मिळाला म्हणून त्यानं हात जोडले. वाटेनं तो मागच्या खोलीतल्या भाडेकऱ्याला शिव्या देत होता. पाच वर्षं म्हातारीनं त्याला जेवू घातलं आणि मेला आज फिरकलासुद्धा नाही. उमाकांत खाली मान घालून ऐकत राहिला.

चिता पेटल्यावर येसाजीनं त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि डोळे पुसले.

"अगदी आईवर गेलायस रे," तो म्हणाला. "तेच कपाळ, तेच बसकं नाक."

उमाकांतचा हात आपसूक नाकाकडे गेला. अक्कानं त्याचा चेहरा सांगितला होता, की त्याला स्वतःचा देऊन टाकला होता? हे ज्या एका माणसाला विचारता आलं असतं, ते समोर जळत होतं. संध्याकाळपर्यंत तो तिथंच बसला. नंतर बसमध्ये डोळा लागून हा चेहरा सुटू नये म्हणून शिवाजीनगरापर्यंत चालत गेला.