नोंदवलेला नंबर

"बंद नाय करायचं," सारजाबाई म्हणाली. "चालूच ठेवायचं. पण जुन्या दरात."

अजिनाथनं काउंटरपलीकडून मान वर केली. शहरातल्या मुकुंदवाडी भागातल्या त्या इंटरनेटच्या ऑफिसात सकाळपासून येणारं प्रत्येक गिऱ्हाईक लाईन तोडायचीच धमकी देत होतं. ही बाई उलटं बोलत होती.

"मावशी, तुमचा दोन वर्षांचा करार संपला. आता नवा दर, जवळजवळ दीडपट." त्यानं पडद्यावर बघितलं. "आन् ही लाईन तर करमाडच्या पल्याड वाडीवरची हाय. तिथं कुणी नेट वापरतच नाय. एक कॅमेरा तेवढा चालू दिसतोय. कामून पैसे घालता?"

"कॅमेऱ्यासाठीच घालते."

शेजारी उभ्या असलेल्या अक्षदानं तोंड फिरवलं. येताना रिक्षात मायलेकींचं यावरूनच वाजलं होतं. अक्षदाचं काम घरून चालायचं आणि खोलीतलं नेट सारखं अडखळायचं. "त्याच पैशात इथं चांगली लाईन येईल, आई. तिथं कुणाला बघायचंय आता?" असं ती बोलून गेली होती.

कॅमेरा मुळात अक्षदानंच बसवला होता. तिच्या शिक्षणासाठी सारजाबाई शहरात आली आणि मुलींच्या होस्टेलात भाकऱ्या थापू लागली. नवऱ्याचं नावच कारभारी; तो मात्र यायला तयार नव्हता. "मेंढरं काय खोलीत बांधू?" म्हणायचा. एकदा तो उन्हात चक्कर येऊन पडला, तेव्हा लेकीनं वाडीवर लाईन घेतली आणि ओसरीवर कॅमेरा लावला. कारभारीला तो भलताच आवडला. संध्याकाळी मेंढरं कोंडून झाली की कॅमेऱ्याखाली यायचा, डोईचा पटका काढायचा आणि साहेबापुढं वर्दी द्यावी तसा सांगायचा, "आज टँकर आला नाय. काळी मेंढी व्याली." होस्टेलच्या स्वयंपाकघरात सारजाबाई फोन कानाशी धरून ऐकायची. उभ्या संसारात तो जेवढा बायकोशी बोलला नव्हता, तेवढा त्या कॅमेऱ्याशी बोलला.

त्या साली पावसानं पाठ फिरवली. वाडीभोवतीची चराईची रानं आधीच कारखान्यांच्या कुंपणात गेली होती. कारभारी मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं निघाला. जाताना वर बघून म्हणाला, "येतो."

पुढच्या आठवड्यात मेंढरं सापडली. बिडकीनच्या पुढं एका पडीक रानात चरत होती. एकही कमी नव्हतं. माणूस तेवढा सापडला नाही. पोलिसांत तक्रार झाली, विहिरी धुंडाळल्या, पाहुण्यारावळ्यांना विचारून झालं. एक उन्हाळा गेला, दुसरा आला.

ओसरी तेव्हापासून रिकामी आहे. पण अंगणात काही हललं की सारजाबाईचा फोन वाजतो. कधी कुत्रं असतं, कधी वावटळ, कधी दांडीवर राहून गेलेलं घोंगडं. तिला ते ठाऊक असतं, तरी पिठाच्या हातानं ती फोन उचलतेच. एकदा उंबऱ्यावर कुणीतरी पाठमोरं बसलेलं दिसलं. डोईला पटका होता. तवा तसाच टाकून ती वाडीवर धावली. बघते तर शेजारचा धोंडिबा सावलीला टेकलेला. "वैनी, मी हाय, धोंडिबा," तो गडबडून उठत म्हणाला. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना, आणि हिचं रडं थांबेना.

"माझ्या हातात काय नाय, मावशी," अजिनाथ पुन्हा म्हणाला.

"बरं," सारजाबाईनं पिशवी उचलली. "आमच्या होस्टेलच्या मॅडमला नवी लाईन घ्यायचीय. तीन मजल्यांची. चौकातला दुसरा नेटवाला दर सांगून गेलाय. म्या म्हणलं, आधी आपल्या अजिनाथला इचारते. ऱ्हाऊ दे मग."

जनावरांच्या बाजारात नवऱ्याच्या मागं उभं राहून तिनं सौदे पाहिले होते. निघालं की मागं बघायचं नाही. ती खरोखरच पायरी उतरली.

"मावशी, थांबा तर!"

अजिनाथनं कुणाला तरी फोन लावला, भिंतीकडं तोंड करून हळू आवाजात बोलला. "जुनाच दर. पण होस्टेल आपल्याकडंच यायला पायजे."

"येतंय. आन् हिच्या खोलीत बी चांगली लाईन दे, त्याच दरात."

"लई घासता हो तुम्ही," तो हसला. अक्षदालाही हसू आलं.

त्यानं भराभर बोटं चालवली आणि थांबला. "वाडीची लाईन कारभारींच्या नावावर हाय. नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी जातो. तेवढा त्यांना इचारून सांगा."

मग अक्षदानं दोन वाक्यांत सांगितलं. अजिनाथचा चेहरा उतरला.

"मग नाव बदलून घेऊ. मयताचा दाखला जोडला की..."

"मयत नाय ते," सारजाबाई म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "सापडले नाय."

"पण ह्या मशीनला तसं सांगता येत नाय, मावशी. एक तर ओटीपी, नाय तर दाखला."

"पाठव तुझा ओटीपी."

"आई, नंबर बंद आहे," अक्षदा कळवळून म्हणाली.

"पाठव म्हणते ना."

त्यानं बटण दाबलं. सारजाबाईनं आपल्या फोनवरून तो नंबर लावला. सुरुवातीला रोज लावायची. फोन बंद असल्याचं तेच ते ऐकून पुढं सोडून दिलं होतं. आज घंटी वाजली. तिनं काउंटरची कड घट्ट धरली.

"हॅलो? कौन?" बाईमाणसाचा आवाज होता. मागं तान्हं मूल रडत होतं.

"कारभारी हाईत का?"

"कौन कारभारी? नंबर मेरा है. जालने से बोल रई मैं. अब्बी अब्बी लिया नया."

"माझ्या मालकाचा व्हता, माय."

"गुजर गए क्या?"

"म्हाईत नाय. मेंढरं घिऊन गेले. मेंढरं आली."

पलीकडं त्या बाईनं मुलाला थोपटलेलं ऐकू आलं.

"अम्मा, अब्बी एक मेसेज आया मेरेकू," ती बाई म्हणाली. "आपने भेजा? किसीकू बताना नक्को बोलते वो नंबर. काय के वास्ते होना?"

"घराचा कॅमेरा चालू ऱ्हावा म्हणून. आले तर दिसतील. न्हाय सांगितलंस तरी चालंल, माय. तुझी मर्जी."

ती सांगू लागली. एकेक आकडा सारजाबाईनं मोठ्यानं म्हटला. "हे नियमात बसत नाय," अजिनाथ पुटपुटला, आणि टाईप करत गेला. पडद्यावर हिरवी खूण उमटली. अक्षदा वाचू लागली, "धन्यवाद, कारभारी. आपला करार पुढील दोन वर्षांसाठी..." आणि तिथंच तिला रडू फुटलं. बाप गेल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. सारजाबाईनं तिला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होस्टेलात भाकऱ्या चालू असताना फोन वाजला. पडद्यावर कारभारीचा फोटो आला होता. खांद्यावर कोकरू, उन्हानं बारीक झालेले डोळे. शेजारी पीठ मळणाऱ्या सरूबाईच्या हातातली परात निसटली.

"सारजे, अगं बघ..."

नंबर त्याचाच होता, पण आता पलीकडं कोण आहे ते सारजाबाईला ठाऊक होतं. तरी तिनं लगेच उचलला नाही. घंटी संपत येईपर्यंत ती त्या चेहऱ्याकडं बघत राहिली. मग पदराला हात पुसून फोन कानाला लावला.

"अम्मा, किसीका फोन नई आया उनके वास्ते," जालन्याची बाई म्हणाली. "आया तो बोलूंगी. इत्ताच बोलना था."

"बरं केलंस, माय," सारजाबाई म्हणाली. "लेकरू निजलं का?"

बोलणं संपलं तोवर तव्यावरची भाकरी करपली होती. ती तिनं स्वतःसाठी बाजूला काढून ठेवली आणि पुढचा गोळा हातात घेतला.