रसिकाच्या खांद्यामागे

सीझन संपला की आमचे कोच कौस्तुभ सर सगळ्यांना ग्राउंडवर गोल करून बसवतात आणि एकेकाला विचारतात, या वर्षी काय मिळालं? कोणी म्हणतं मेडल, कोणी फिटनेस, कोणी नवीन दोस्त. यंदा माझी पाळी आली तेव्हा सरांनी नजर माझ्यावरून उचलली आणि शेजारी बसलेल्या भालाफेकवाल्या रवीकडे नेली. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं. मला रसिका मिळाली. अख्खी मिळाली.

रसिका आणि मी दोन वर्षं एकत्र धावलो. ती शांती नगरची, मी हाटकेशची. तिचे आईबाबा गिरगावातली खोली विकून इथे मोठ्या फ्लॅटमध्ये आलेले. माझे पप्पा परभणीकडून आले, बसवर कंडक्टर आहेत. आई हाटकेशच्याच एका गाळ्यात स्विचबोर्डांचं पॅकिंग करते. कॉलेजात पाच हजार मीटर धावणाऱ्या मुली आम्ही दोघीच. साडेबारा फेऱ्या ऐकूनच बाकीच्या पळून जायच्या.

मैत्री पटकन झाली. पहाटे भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडायची, डोंगरीला उतरायचं आणि चढावर धावायचं. एका बाजूला मासे सुकायला घातलेले, त्यांचा वास नाकात बसायचा आणि दुपारी लेक्चरमध्येही जायचा नाही. तिला माझं पूर्ण नाव, पंचशीला, फार लांबलचक वाटायचं. ती मला शीलू म्हणायची.

दोन वर्षं कोणाच्या शेजारी धावलात की त्या माणसाचं सगळं कळतं. रसिकाला मागे कोणी असलेलं सहन व्हायचं नाही. कोणी पाठीला चिकटलं की तिचा उजवा खांदा वर चढायचा, मान अर्धी वळायची आणि काही गरज नसताना ती वेग वाढवायची. "मागे पावलं वाजली ना शीलू, की वाटतं आता मला कोणीतरी धरणार," असं तिनेच एकदा सँडविच खाताखाता सांगितलं होतं. म्हणून मी कायम तिच्या बाजूने धावायचे. मागे कधीच नाही.

आणखी एक होतं. शर्यतीआधी तिला उलटी व्हायची. प्रत्येक वेळी. मी बाथरूमच्या दाराशी उभी राहायचे आणि येणाऱ्या मुलींना सांगायचे, "पाणी नाहीये, वरच्या मजल्यावर जा."

त्यांच्या घरी गणपतीत मी जेवायला जायचे. तिची आई, शुभदाकाकू, आग्रहाने वाढायच्या. गेल्या वर्षी माझ्या पानात दुसरा मोदक ठेवताना म्हणाल्या, "खा गं. तुम्हा लोकांची हाडं मुळातच काटक. आमच्या रसिकाला बिचारीला सगळं कष्टाने कमवावं लागतं." मी रसिकाकडे बघितलं. ती मोबाइलमध्ये बघत होती. मोदक मी खाल्ला. चांगला झाला होता.

त्याच महिन्यात विद्यापीठाचा कॅम्प होता. आमच्या कॉलेजातून लांब पल्ल्याची एकच मुलगी जाणार होती. ट्रायल झाली, मी रसिकाला सरळ पन्नासेक मीटरने मागे टाकलं. सरांनी माझं नाव जाहीर केलं, रसिकाने मला मिठी मारली.

ट्रायलनंतर माझी डावी नडगी दुखायला लागली. फार नाही, पण जिना उतरताना कळायचं. मी ते एकाच माणसाला सांगितलं. रसिका म्हणाली, "कोणाला बोलू नकोस. बर्फ लाव. चार दिवसांत जाईल." माझ्यासमोर बसून तिने स्वतः रुमालात बर्फ बांधला.

चार दिवसांत दुखणं गेलंही. पण सरांनी मला जिमखान्यात बोलावलं.

"शीला, स्ट्रेस फ्रॅक्चर असलं तर तुझं करिअर जाईल. मी रिस्क घेणार नाही. कॅम्पला रसिका जाईल."

"सर, माझा पाय ठीक आहे. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"रसिकानेच. बिचारी रडत होती तुझ्यासाठी."

मी त्याच संध्याकाळी एक्स-रे काढला. हाड स्वच्छ होतं. दुसऱ्या दिवशी फिल्म घेऊन सरांकडे गेले तर ते म्हणाले, नाव वर गेलंय, आता बदलता येत नाही. रसिकाला फोन केला. तिने उचलला नाही. रात्री मेसेज आला: "सॉरी यार, सरांनी डायरेक्ट विचारलं. खोटं कसं बोलू?"

नडगीचं तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं, सर विचारणार कसे? ती आपल्या पायांनी त्यांच्याकडे गेली होती. एवढंच मला पुरलं. नुसती जागा मागितली असती तर मी भांडले असते, शिव्या दिल्या असत्या आणि विसरले असते. पण तिने माझी काळजी घेतली होती.

कॅम्पमधून ती विद्यापीठाचा ट्रॅकसूट घालून आली. शांती नगरच्या नाक्यावर तिचा बॅनर लागला. हार्दिक अभिनंदन, खाली चार-पाच पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो. बसला जाताना मी तो रोज बघायचे. मुद्दाम बघायचे. चहा घेतल्यासारखं व्हायचं, झोप उडायची.

आईला सगळं माहीत होतं. ती एकदा म्हणाली, "माय, तू त्या पोरीसाठी धावायली का सोतासाठी?"

"तिच्यासाठी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात रोज दोन उकडलेली अंडी यायला लागली.

डोंगरीला मी आता एकटी जायचे. चढावर एक पट्टा जोरात, मग एकदम हळू, मग पुन्हा जोरात. पाच हजार असं कोणी धावत नाही. त्यात नुसता दम तुटतो, टायमिंग बिघडतं. मला टायमिंग नकोच होतं. मला अशा धावण्याची सवय पायांना लावायची होती, म्हणजे जिला सवय नाही ती आधी मोडेल. ग्राउंडवर भेटलो की रसिका "हाय" करायची, मीही करायचे. ती म्हणायची, "शीलू, रागावलीयस का अजून?" मी म्हणायचे, "छे गं." हसायचेसुद्धा. तिला ते खरं वाटायचं. माझ्याबद्दल तिला दोन वर्षांत काहीच कळलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

तिच्या उलट्यांची गोष्ट मी कोणालाही सांगू शकले असते. पन्नास मुलींच्या ग्रुपवर एक मेसेज, काम झालं असतं. नाही टाकला. चांगुलपणा म्हणून नव्हे. ते फार स्वस्तात गेलं असतं.

जानेवारीत विद्यापीठाच्या मैदानावर आंतरमहाविद्यालयीन फायनल होती. पहिल्या दोघींना अखिल भारतीय स्पर्धेचं तिकीट. आमच्या कॉलेजला जनरल चॅम्पियनशिपही दिसत होती. सर म्हणाले, "तुम्ही दोघी पहिल्या दोनांत आलात की ट्रॉफी आपली. मिळून धावा. पहिल्यासारखं."

शर्यतीआधी रसिका बाथरूमकडे निघाली. जाताना तिने वळून माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखं. मी वाकले आणि बुटांची नाडी बांधत बसले. मग वसईच्या, विरारच्या मुली घोळक्याने आत गेल्या. बाहेर आली तेव्हा रसिकाचा चेहरा पांढरा पडला होता. एक जण मागून विचारत होती, "ए, ठीक आहेस ना? पहिलीच रेस आहे का?"

स्टार्ट लाइनवर ती पुटपुटली, "ऑल द बेस्ट, शीलू."

"तुलाही."

गोळी सुटली. पहिल्या फेरीत गर्दी होती. गर्दी पांगली तशी मी रसिकाच्या उजव्या खांद्यामागे जाऊन बसले. हात लांब केला असता तर जर्सी धरता आली असती इतकी जवळ. हात लावला नाही. लावायचाच नव्हता. फक्त पावलं जोरात टाकली आणि श्वास तोंडाने, आवाज करत घेतला. मागच्याने हळू श्वास घ्यावा असा काही नियम नाही.

तिसऱ्या फेरीला तिचा खांदा वर चढला.

तिने वेग वाढवला. मी वाढवला. ती थकून मंदावली, मी मंदावले. मग मागच्या सरळ पट्ट्यावर मी तिच्या बरोबरीला गेले, पुढे निघाल्यासारखं केलं. ती भडकून सुटली आणि मी पुन्हा तिच्या मागे. असं दर फेरीला. पालघरच्या कॉलेजची संध्या नावाची एक बुटकी मुलगी आमच्या मागून एकसारखी, घड्याळासारखी धावत होती. तिच्याकडे आमच्यातल्या कोणाचंच लक्ष नव्हतं.

सहाव्या फेरीला रसिकाने मान वळवली. "पुढे जा ना," ती धापा टाकत म्हणाली.

मी श्वास घेतला, तिच्या कानाशी.

"शीलू, प्लीज. जा ना पुढे."

तेव्हाच संध्या आम्हाला मागे टाकून गेली, तिच्या पाठोपाठ वसईची एक मुलगी. सर आतल्या गवतावरून पळत आले. त्यांचा आवाज चिरकला होता. "शीला! सोड तिला! पुढच्या जातायत! तुझे पाय आहेत अजून, जा!"

होते. माझ्या पायांत खूप होतं. चार महिने मी तेच साठवलं होतं. संध्याची पाठ समोर दिसत होती आणि मला कळत होतं की आत्ता निघाले तर ती हातात येते. इकडे रसिका जवळजवळ जॉगिंगवर आली होती. मीही जॉगिंगवर आले. सगळं स्टेडियम बघत होतं. एक मुलगी मरगळलेली आणि दुसरी तिच्या सावलीला धरून, तिच्याहून ताजी, तरी मागेच.

सातव्या फेरीच्या वळणावर रसिका थांबली. आधी चालली, मग लाइन ओलांडून गवतावर गेली आणि गुडघ्यांवर बसली. ओकायला तिच्या पोटात काही नव्हतं, तरी ओकत होती. तिच्या आईची हाक स्टँडमधून आली. मी त्या वळणावर एकदा मागे वळून नीट बघितलं आणि मग धावायला लागले.

त्या शेवटच्या फेऱ्या माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात हलक्या होत्या. वसईची मुलगी शेवटच्या सरळ पट्ट्यावर दोन हातांवर आली होती. अजून पन्नास मीटर असते तर धरली असती. नव्हते. मी तिसरी आले. तिकीट गेलं. ट्रॉफीही थोड्या पॉइंटांनी गेली.

सर माझ्याजवळ आले. ओरडतील असं वाटलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "तू रेस धावायला आली होतीस की तिला मारायला?"

"सर, तुम्हीच म्हणालात, मिळून धावा."

ते वळून गेले. एक्स-रेची फिल्म घेऊन मी त्यांच्यासमोर उभी होते, तो दिवस त्यांना आठवला की नाही, मला माहीत नाही. आठवला असावा, कारण त्यानंतर त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलेलं नाही.

रसिका उंच उडीच्या गाद्यांमागे बसली होती. मी माझी बाटली उघडली, पाणी प्यायले आणि तिच्यासमोर उभी राहिले.

"तू पुढे का नाही गेलीस?" ती म्हणाली. "मी संपले होते. तुला दिसत होतं."

"दिसत होतं."

"जिंकली असतीस तू."

"हो."

तिने मूठभर गवत उपटलं. मग म्हणाली, "मी सरांना काळजीनेच सांगितलं होतं. आईशपथ."

"मलाही काळजीच वाटत होती," मी म्हटलं. "म्हणून तर शेवटपर्यंत सोबत राहिले."

ती रडायला लागली. शुभदाकाकू धावत आल्या, मला बघून थबकल्या. मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि बॅग उचलली.

घरी आल्यावर आईने विचारलं, "जितलीस का?"

"तिसरी आले."

"आन् ती?"

"तिने शर्यत सोडली."

आईने भाकरी उलटवली. "समाधान झालं?"

"झालं."

खोटं नव्हतं. त्या रात्री मी मेल्यासारखी झोपले. लोक म्हणतात असं केल्यावर आत पोकळ वाटतं. मला नाही वाटलं. फेब्रुवारीत संध्या अखिल भारतीयला धावली, तिचा व्हिडिओ कोणीतरी ग्रुपवर टाकला. मी तो दोनदा बघितला. तिसऱ्यांदा लावला आणि मध्येच बंद केला.

रसिका बरेच दिवस ग्राउंडवर आली नाही. एप्रिलमध्ये पुन्हा यायला लागली, कानात इअरफोन घालून, मागचं काही ऐकू येऊ नये म्हणून असेल. रवीने सांगितलं की तिने पाच हजार सोडलं. पुढच्या वर्षी ती पंधराशे मीटर धावणार आहे. छोटी रेस, तिच्याकडे स्पीडही आहे.

दुसऱ्या दिवशी मी जिमखान्यात गेले. सर व्हॉलीबॉलच्या जाळ्याची गाठ सोडवत होते.

"सर, पुढच्या सीझनला मला पंधराशेत टाका."

त्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. "शीला, तू पाच हजारची आहेस. संध्याला तू हरवू शकतेस, हे मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. पंधराशेचा स्पीड तुझ्यात नाही."

"येईल."

"त्यात वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे," मी म्हटलं आणि स्पाइक्स घालायला पायरीवर बसले.