पास झालेली जसोदा

शेजारची कालीबाई खिचडीचं पातेलं घेऊन ओट्यावर चढली, तेव्हा आमच्या चुलीवर वरण चांगलं रटरटत होतं. ज्या घरात मयत होते तिथे चूल पेटत नाही, शेजारणी अन्न नेतात. ती रीत कालीबाईनं माझ्या नणंदेसाठी, जसोदासाठी, पाळली होती. पातेलं माझ्या हातात देऊन तिनं पदर डोळ्यांना लावला.

"रडू नको वं माय," ती जसोदाला म्हणाली. "मन्हा भाऊ बी दोनदाव नापास व्हयना व्हता. आते तलाठी शे."

जसोदा रडत नव्हती, ज्वारीतले खडे वेचत होती. आणि ती नापासही झालेली नव्हती.

एकसष्ट सालचा जून होता. धुळ्याच्या कॉलेजातून ती इंटर सायन्सला फर्स्ट क्लासात आली होती. आमच्या म्हसावदची कुठलीच पोर तिथवर पोचली नव्हती. पण तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि तो प्रवेश इंटरच्या मार्कांवर मिळायचा. तो थोडक्यात हुकला. बी.एस्सी.ची वाट मोकळी होती. तिच्या प्राध्यापकांनी दुसरीही सांगितली: हे मार्क सोडून दे, वर्षभर घरी अभ्यास कर, मार्चमध्ये पुन्हा इंटरला बस. वाढले तर डॉक्टर, घटले तर हेही गेलं.

जसोदानं पुन्हा बसायचं म्हटलं आणि गाव हळहळलं. परीक्षेला परत बसतं ते नापास झालेलं माणूस, एवढं आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. पास झालेल्यानं परत बसणं म्हणजे पोटभर जेवून उठलेल्यानं दुसऱ्या पंगतीत पाट मांडणं. बाया एकेक करून मयतीच्या घरी येतात तशा येऊन गेल्या. मी प्रत्येकीला समजावलं. जितकं समजावलं तितका त्यांनी माझ्याच पाठीवरून हात फिरवला.

माझ्या सासऱ्यांची, दगाबापूंची, पंचाईत वेगळी. निकालाला त्यांनी गावभर पेढे वाटले होते. आता लोक त्या पेढ्यांवरून हसत. बापू पारावरून जायचं सोडून नदीकडच्या गल्लीनं शेतात जाऊ लागले. जसोदाला मात्र त्यांनी ना हो म्हटलं, ना नको. "इचार कर" एवढंच.

मग प्रकाशा गावाहून नवलभाऊ आले. त्यांच्या मुलाशी जसोदाचा साखरपुडा झाला होता. मुलगा तिला आवडला होता, हे घरात मला एकटीला ठाऊक. नवलभाऊ माणूस सरळ. सून बी.एस्सी. शिकली तरी त्यांची ना नव्हती. त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली आणि पोर नापास झाली का म्हणून विचारलं.

"पास शे. बराबर पास शे," बापू म्हणाले.

"मंग पास पोर परत कसाले बठस?"

तेवढ्यात चहा घेऊन जसोदाच पुढे आली. सासरा होणाऱ्या माणसासमोर तोंड उघडायची रीत नव्हती. तिनं कपबशी ठेवली आणि उघडलं.

"मले डाक्टर व्हवानं शे, भाऊ. इतला मार्कस्मा व्हता येत नही."

"आनि परत बठीसन बी नही व्हयनी त?"

"मंग नापास म्हना."

नवलभाऊ चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. पोळ्याच्या आत निरोप आला, मुलाचं दुसरीकडे जमवलं.

त्या दुपारी जसोदा एकटीच कपाशीत निघून गेली. परतली तेव्हा डोळे सुजले होते. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. ती घटाघटा प्याली आणि म्हणाली, "वैनी, कंदील पुशी ठेव."

पुढे परीक्षेपर्यंत विहिरीवर कुणी ना कुणी म्हणायचंच, या येळे तरी पास व्हय माय. माझ्या जिभेवर सगळा खुलासा तयार असे. ती दोर ओढता ओढता म्हणायची, "व्हसू, काकी." मला चिडायलाही जागा ठेवायची नाही.

मार्चमध्ये ती धुळ्याला निघाली तो बाजाराचा दिवस होता. सालदार, आमचा सालाच्या करारावरचा गडी, बैल सोडायला गेलेला. मोटार गाठायची होती. बापूंनी जसोदाची पत्र्याची पेटी उचलली आणि डोक्यावर घेतली. या घरात मी आल्यापासून त्यांनी स्वतःची छत्रीसुद्धा सालदाराकडे दिलेली मी पाहिली होती. मला वाटलं, नदीकडच्या गल्लीनं जातील. ते सरळ बाजारात शिरले. पुढे जसोदा, मागे पेटी घेऊन बापू.

पारावरून कुणीतरी हाक मारली, "दगाबापू, पोर परत बठस का?"

"हा," बापू मोठ्यानं म्हणाले, "परत बठस."

सालदार मागून धावत आला. त्यानं पेटीला हात घातला. बापूंनी ती सोडली नाही.