दुसरं टोक

ताईचं पत्र येऊन आठ महिने झाले होते आणि मी उत्तर पाठवलं नव्हतं. विसरलो म्हणावं, तर ते रोज टेबलावर शब्दकोशाखालून डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघत असे.

पत्र पानभरच होतं. भाऊजींना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्यांच्या लग्नातली मोठी सुती चादर ताईला धुवायची होती. तिच्या काठावरचा वेल ताईनंच भरलेला. ‘जड चादर आता हातानं धुवून होत नाही, पिळायला दुसर टोक धरणारं कोणी नाही,’ असं लिहून तिनं विचारलं होतं, की शेजारीण तिचं जुनं मशीन देते म्हणते, मुलगा नवं पाठवतो म्हणतो, तर कापडाला मायेनं वागवणारं कोणतं? ‘तू एवढं वाचतोस, पुस्तक्या. तू सांगशील तसं करीन. तोवर चादरीला पाणी लावत नाही.’

मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. पत्र वाचताना लाल पेन्सिल आपोआपच हातात आली. दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार दुरुस्त केला आणि मग प्रश्नाकडे वळलो.

प्रश्न साधा असला की मला धास्ती वाटते. आपल्या नजरेतून नक्की काहीतरी सुटतंय, असं वाटत राहतं. म्हणून वाचनालय पालथं घातलं. जुन्या मशीनमधला दांडा कपड्यांना दणादण घुसळतो, पण दहा मिनिटांत मोकळं करतो, असं कळलं. नवं मशीन त्यांना हळुवार उचलतं, हळुवार सोडतं, पण अडीच तास. एकदाच खडसावणारा बाप बरा, की दिवसभर गोड आवाजात टोमणे मारणारा? पुस्तकांत याचं उत्तर नव्हतं. असलं तरी मला सापडलं नाही.

आमच्या घरात दोन्ही मशीनं आहेत. न्हाणीघरात बायकोचं, तीस वर्षांचं, आणि गॅलरीत सुनेचं, काचेच्या दाराचं. मी एक जुनी चादर मधोमध फाडली आणि तुकड्यांवर ‘अ’ आणि ‘ब’ लिहिलं. दर आठवड्याला ‘अ’ जुन्यात आणि ‘ब’ नव्यात धुवायचा, असं बायकोला समजावून सांगितलं. ती “बरं” म्हणाली. तिच्या ‘बरं’चे बरेच अर्थ होतात. मी त्यातला सर्वांत सोयीचा घेतला.

पुढचे सहा महिने मी वाळलेले तुकडे खिडकीत नेऊन भिंगाखाली सुटलेले धागे मोजले आणि वहीत तक्ता आखला. चोवीस धुण्यांनंतर निष्कर्ष इतका स्पष्ट होता, की मलाच माझा संशय आला. शेवटी सकाळच्या चहाला मी तो वाचून दाखवला. ‘ब’ अधिक मऊ, ‘अ’ची वीण सैल, सबब नवं मशीन अधिक मायाळू.

सून कपात बघत राहिली. बायकोनं बशी खाली ठेवली.

“अहो, दोन्ही तुकडे मी बादलीतच धुतलेत.”

जुन्याची नळी पहिल्याच आठवड्यात फाटली होती, आणि एका फडक्यासाठी नवं मशीन अडीच तास लावणं तिच्या जिवावर आलं होतं. मग मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

“तुम्ही वही आणली होतीत,” ती म्हणाली. “आखून वगैरे.”

“पण बाबा, ‘ब’ खरंच मऊ झालाय,” सून म्हणाली. तिचा स्वभाव चांगला आहे.

मी खोलीत जाऊन बसलो. डोंगर पोखरला होता आणि उंदीरही बादलीतच निघाला होता. निदान हसं झाल्याचं तरी ताईला कळवावं, म्हणून पत्र उघडलं. आठ महिन्यांनी पहिल्यांदा. लाल खुणा तशाच होत्या. तिसरी खूण ‘दुसर’ या शब्दावर होती. ‘र’वर मी दिलेलं टिंब ठसठशीत, गोल, अगदी जागच्या जागी होतं.

टिंब तेवढं मी पाहिलं होतं. त्याच्याखाली काय लिहिलं होतं, ते आत्ता वाचलं.

ताई-भाऊजींचं चादर पिळणं मी अनेकदा पाहिलंय. अंगणात ती एका टोकाला, ते दुसऱ्या. ती उजवीकडे पीळ द्यायची, ते डावीकडे, आणि ‘तुम्ही नुसते धरून उभे राहता’ हा तिचा आरोप ठरलेला. नुसतं धरून उभं राहायला फार विद्वत्ता लागत नाही. तेवढं बहुधा मला जमेल. नक्की सांगवत नाही.

उत्तर दोन ओळींत झालं : ‘मशीन कोणतंच घेऊ नकोस. गुरुवारी सकाळच्या गाडीनं येतो, चादर भिजवून ठेव, दुसर टोक मी धरतो.’

कोपऱ्यावर जाऊन पाकीट पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज आला, आणि त्याच क्षणी आठवलं, की अनुस्वार द्यायचा राहिला.